हवामान सांगणारे आणि हवामान ऐकणारे

पाऊस हा विषय असा आहे, की त्यावर ज्याला मत नाही असा मनुष्य शोधूनही सापडावयाचा नाही. राजकारणाविषयी मौन पाळणारे पुष्कळ भेटतात, क्रिकेटचे नाव निघताच उठून जाणारेही भेटतात, परंतु "आज पडेल का हो?" या प्रश्नास उत्तर न देणारा गृहस्थ अद्याप आमच्या पाहण्यात नाही. आणि पावसाविषयी जितकी मते, त्याहून अधिक मते पावसाचे भाकीत सांगणाऱ्यांविषयी असतात. म्हणून या वर्षीच्या अंकासाठी आम्ही असे ठरविले, की आपल्या शाळेतील मुलामुलींच्या घरी, दूरचित्रवाणीवर हवामान सांगणाऱ्या मंडळींविषयी काय बोलले जाते ते प्रथम ऐकावे, आणि मग त्या बोलण्यात तथ्य किती याचा थोडा शोध घ्यावा.

हैदराबादेतील मराठी घरांची याबाबतीत एक गंमत आहे. येथे एका घरात दोन आकाशे असतात. राहते घर काचीगुड्यास किंवा सुलतान बाजारात. शेत मात्र उदगीर, देगलूर किंवा नांदेडकडे. त्यामुळे संध्याकाळी वडील तेलुगू वाहिनी लावतात, कारण उद्या दुचाकीवरून कचेरीत जावयाचे असते. आणि त्या बातम्या संपतात न संपतात तोच आजोबा मराठी वाहिनी लावण्यास सांगतात, कारण मराठवाड्यात पेरणी खोळंबलेली असते. वडिलांना छत्रीपुरता पाऊस कळला म्हणजे पुरे. आजोबांना बियाण्याच्या पिशवीइतका पाऊस कळावा लागतो. भाकीत चुकले तर एकाचे कपडे भिजतात, दुसऱ्याचे वर्ष बुडते. तेव्हा दोघांची मते सारखी कशी असणार?

आम्हांस ऐकावयास मिळालेली मते थोडक्यात अशी. कोणास सावकाश व स्वच्छ बोलणारा निवेदक आवडतो, कारण घाईने घेतलेली जिल्ह्यांची नावे वृद्धांच्या कानी पडत नाहीत. कोणास नकाशावर हात ठेवून "ढग येथून येथवर आले" असे दाखविणारी बाई आवडते. एका आजीबाईंचे म्हणणे असे, की पंचांगातील नक्षत्राचे वाहन बेडूक आहे की म्हैस, हे पाहिले म्हणजे दुसऱ्या कोणास विचारण्याची गरजच उरत नाही. एका काकांनी तर स्पष्टच सांगितले, "हे लोक पडेल म्हणाले, की मी छत्री घरी ठेवतो." या वाक्यावर घरातील सर्व मंडळी हसली, आम्हीही हसलो. परंतु त्याच घरी नंतर जे ऐकले, त्याने आमचे हसू मावळले. ते पुढे सांगू.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे, की पडद्यावर दिसणारा मनुष्य आणि भाकीत तयार करणारा मनुष्य बहुधा निरनिराळे असतात. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ साली झाली. या खात्याचे मुख्यालय कलकत्त्याहून सिमल्यास गेले, आणि १९२८ साली तेथून पुण्यास आले. पुण्याच्या शिवाजीनगर भागातील त्या इमारतीस लोक अजूनही 'सिमला ऑफिस' म्हणतात. कित्येकांस त्या नावाचे कारण मात्र ठाऊक नसते. पुढे १९४४ साली मुख्यालय दिल्लीस हलविण्यात आले. आपल्या शहरात या खात्याचे केंद्र बेगमपेट येथे आहे. तेथून यंत्र बांधलेला फुगा आकाशात सोडतात. तो वर चढता चढता निरनिराळ्या उंचीवरील तापमान, आर्द्रता आणि वायुभार बिनतारी संदेशाने खाली कळवितो. असे फुगे जगातील शेकडो ठिकाणांहून ठरलेल्या वेळी सोडले जातात. त्यांच्या नोंदी, उपग्रहांनी टिपलेली ढगांची चित्रे आणि रडारने घेतलेला पावसाचा मागोवा, असा सर्व कच्चा माल महासंगणकांकडे जातो. पुण्याचा 'अर्क' आणि नोएडाचा 'अरुणिका' हे असे दोन महासंगणक २०२४ साली कार्यान्वित झाले. त्यांनी मांडलेल्या गणितावर शास्त्रज्ञ विचार करतात आणि मगच भाकीत प्रसिद्ध होते. निवेदक ते आपल्यापर्यंत पोहोचवितो. पोस्टमन वाईट बातमीचे पत्र घेऊन आला म्हणून त्याच्यावर रागावणे जितके शहाणपणाचे, तितकेच निवेदकावर रागावणे!

भारतात दूरचित्रवाणीचा प्रयोग दिल्लीस १९५९ साली सुरू झाला; मुंबईस ती १९७२ साली आली आणि हैदराबादेस १९७७ साली. आरंभी हवामान म्हणजे शहरांची नावे आणि तापमानाचे आकडे एवढेच असे. १९८३ साली 'इन्सॅट-१ बी' हा उपग्रह अवकाशात गेला आणि बातम्यांच्या शेवटी ढगांचे छायाचित्र दिसू लागले. ज्या उपग्रहाने गावोगाव कार्यक्रम पोहोचविले, त्यानेच गावावरचे ढगही दाखविले, हा योग मोठा सुंदर होय. अरबी समुद्रावरील पांढरा भोवरा आपल्या डोळ्यांनी पाहिल्यावर सामान्य माणसास प्रथमच असे वाटले, की हवामान ही केवळ ऐकण्याची नव्हे, पाहण्याचीही गोष्ट आहे.

आता तक्रारीकडे वळू. "पडेल म्हणाले आणि पडला नाही" या तक्रारीपैकी बरीचशी शब्दांच्या गैरसमजातून उद्भवते. हवामान खात्याचे शब्द वरवर साधे दिसले, तरी त्यांना ठराविक अर्थ आहेत. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या विभागातील पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर. 'काही ठिकाणी' म्हणजे पन्नास टक्क्यांपर्यंत. 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत. आणि त्यापुढे 'बहुतेक सर्व ठिकाणी'. तेव्हा 'तुरळक ठिकाणी पाऊस' असे सांगितले असता चारांपैकी तीन गावे कोरडी राहिली, तरी भाकीत खरेच ठरते. तसेच 'जोरदार पाऊस' म्हणजे २४ तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा अधिक, 'अति जोरदार' म्हणजे ११५.६ मिलिमीटर किंवा अधिक, आणि 'अत्यंत जोरदार' म्हणजे २०४.४ मिलिमीटरच्या वर. रंगांचेही तसेच आहे. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे सज्ज राहा. तांबडा म्हणजे कृती करा. हे कोष्टक ज्याने वहीत उतरून घेतले, त्याच्या निम्म्या तक्रारी आपोआप मिटतील, अशी आमची खात्री आहे.

राहिलेल्या निम्म्या तक्रारींचे काय? त्या खऱ्या आहेत, आणि त्यांचे कारण निसर्गातच आहे. १९६१ साली एडवर्ड लॉरेन्झ नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ संगणकावर हवामानाचे गणित करीत होते. एक गणित पुन्हा करताना त्यांनी ०.५०६१२७ या आकड्याऐवजी ०.५०६ एवढाच आकडा घातला. फरक सूक्ष्म होता. परंतु थोड्याच अवधीत दोन्ही उत्तरे एकमेकांपासून इतकी दूर गेली, की ती एकाच गणिताची आहेत हे ओळखू येईना. वातावरण हे असे नाजूक असते. आरंभीची लहानशी चूक दिवसागणिक फुगत जाते. म्हणूनच उद्याचे भाकीत पुष्कळदा खरे ठरते, तर पंधरा दिवसांनंतरचे डळमळीत असते.

मोठमोठ्यांनाही हा अनुभव आला आहे. १९८८ साली डॉ. वसंत गोवारीकर यांच्या मार्गदर्शनाखाली सोळा घटकांवर आधारलेली मॉन्सूनच्या भाकिताची पद्धत तयार झाली. पुढे बरीच वर्षे ती यशस्वी ठरली, आणि गोवारीकरांचे नाव महाराष्ट्रात घरोघरी झाले. परंतु २००२ साली पाऊस सरासरीइतका पडेल असे भाकीत असता, तो प्रत्यक्षात सरासरीच्या ८१ टक्केच पडला. शास्त्रज्ञांनी चूक झाकली नाही. पद्धत तपासली आणि २००३ पासून नवी पद्धत अंगीकारली. इंग्लंडातही असेच घडले. १५ ऑक्टोबर १९८७ रोजी मायकेल फिश या लोकप्रिय निवेदकांनी दूरचित्रवाणीवर सांगितले, की वादळ येत असल्याचे एका बाईंनी कळविले आहे, पण प्रेक्षकांनी चिंता करू नये. त्याच रात्री प्रचंड वादळ झाले आणि ब्रिटनमध्ये अठरा माणसे दगावली. वारा जोराचा सुटेल, असेही फिश यांनी त्याच वेळी सांगितले होते. पण लोकांनी लक्षात ठेवले ते एवढेच, की हा गृहस्थ चुकला! शेकडो बरोबर भाकितांची कोणी आठवण ठेवीत नाही. एक चूक मात्र जन्मभर पाठ सोडीत नाही.

याच्या उलट उदाहरण चेन्नईचे. तेथील हवामान केंद्राचे संचालक एस. आर. रमणन हे २०१६ साली निवृत्त होईपर्यंत तामिळनाडूतील शाळकरी मुलांचे अत्यंत लाडके होते. त्याचे कारण शास्त्र नव्हे, सुटी! रमणन पडद्यावर आले आणि जोराच्या पावसाचा इशारा दिला, की उद्या शाळा बंद राहील अशी मुलांना आशा वाटे. आमच्या वर्गातील मित्रांना हे ऐकून फार आनंद झाला. तथापि सुटीच्या आनंदातही एक धडा दडलेला असतो. जुलै २०२२ मध्ये मुसळधार पावसाच्या इशाऱ्यामुळे तेलंगणातील शाळा बंद ठेवण्यात आल्या. हैदराबादेत मुख्यतः रिमझिमच चालली, तेव्हा "एवढ्यासाठी सुटी?" असे म्हणून पुष्कळांनी थट्टा केली. परंतु त्याच आठवड्यात भद्राचलम येथे गोदावरी ७१ फुटांपलीकडे गेली. १९८६ नंतर तिने इतकी उंची गाठली नव्हती. तेथील हजारो लोकांस आधीच सुरक्षित स्थळी हलविले होते. इशारा साऱ्या राज्यासाठी होता. आपण मात्र त्याची परीक्षा आपल्या अंगणात पाहून केली.

आता त्या छत्रीवाल्या काकांच्या घरची हकीगत. त्यांचे पूर्वीचे घर एका तलावाच्या खालच्या अंगास, तळमजल्यावर होते. १३ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी बंगालच्या उपसागरातील वादळी पट्टा काकीनाड्याजवळ किनारा ओलांडून आला. तेलंगणासाठी अतिवृष्टीचा इशारा दिलेला होता, आणि काकांनी तो पडद्यावर ऐकलाही होता. आजींनी म्हटले, "अरे, धान्य आणि कागद माळ्यावर तरी ठेव." काकांनी नेहमीप्रमाणे हसून टाळले. रात्री पाणी आले. २४ तासांत शहरात सुमारे १९ सेंटिमीटर पाऊस झाला होता. काका आजींना पाठीवर घेऊन शेजाऱ्यांच्या गच्चीवर गेले. माणसे वाचली, परंतु आजोबांच्या हस्ताक्षरातील वह्या, शेतीची कागदपत्रे आणि मुलांची पुस्तके गेली. ही हकीगत सांगून काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "त्या दिवशी सांगणारा बरोबर होता. ऐकणारा चुकला." छत्रीची थट्टा ते अजूनही करतात, पण तांबडा रंग दिसला, की स्वतः उठून माळ्याची शिडी लावतात, असे आजींनी आम्हांस हळूच सांगितले.

या शहराने २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसा नदीचा जो पूर पाहिला, त्यात सुमारे पंधरा हजार माणसे गेली असे मानतात. आजच्या उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशे लोक वाचले. त्यांना पडद्यावरून सावध करणारे कोणी नव्हते. पुढे विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने उस्मानसागर व हिमायतसागर हे जलाशय झाले. धरणे पाणी अडवितात हे खरे. परंतु वेळेवर मिळालेला आणि वेळेवर मानलेला शब्दही माणसे वाचवितो. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे दगावली. २०१३ च्या 'फायलिन' वादळात सुमारे दहा लाख लोकांस आधी हलविल्यामुळे मृतांची संख्या काही दशकांवर राहिली.

तेव्हा आवडता निवेदक कोणता? सर्व मते ऐकल्यावर आम्हांस असे वाटते, की जो आपल्या भाषेत, आपल्या तालुक्याचे नाव घेऊन, न घाबरविता आणि न लपविता सांगतो. किती खात्री आहे हेही सांगतो. आणि काल चुकले असेल तर आज तसे कबूल करतो, तो आवडता. आणि चांगला श्रोता कोणता? जो पूर्ण वाक्य ऐकतो, तो.

विद्यार्थिमित्रहो, येत्या मृगात एक सरळ काठांचे, सपाट बुडाचे भांडे गच्चीवर मोकळ्या जागी ठेवा. दररोज सकाळी साडेआठ वाजता, म्हणजे हवामान खाते पाऊस मोजते त्याच वेळी, त्यातील पाण्याची उंची पट्टीने मोजून लिहून ठेवा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, हे हिशेबास उपयोगी पडेल. शेजारच्या रकान्यात आदल्या रात्री ऐकलेले भाकीत लिहा. पावसाळा संपल्यावर ती वही घेऊन या. मग सांगणारे किती वेळा चुकले आणि ऐकणारे किती वेळा, याचा निवाडा आपण सर्व मिळून करू.