खंयचो घेवया?

"काकी, खंयचो घेवया?"

पुतणीनं मोबाईल माझ्यापुढे धरला. मे महिना सरत आला होता, खळ्यात आमसुलं वाळत होती आणि पाऊस यायच्या आत ती उचलायची माझी घाई चालली होती. पडद्यावर दोन लॅपटॉप होते, एक रुपेरी आणि एक काळा. दोन्ही 50,000 रुपयांच्या आतले, दोन्ही 15.6 इंचांचे, दोघांच्या नावाखाली चारच्या थोडेसे वर तारे. चार रात्री जागून तिनं लोकांचे अभिप्राय वाचले होते आणि आता तिचा चेहरा रडवेला झाला होता. "दोनय चांगले म्हणतत आणि दोनय वायट म्हणतत," ती म्हणाली. रुपेरी लॅपटॉपबद्दल एकानं लिहिलं होतं, यापेक्षा चांगलं मशीन या किमतीत मिळणार नाही. त्याच्याच खाली दुसऱ्यानं लिहिलं होतं, पैसे पाण्यात गेले.

ती कॉम्प्युटरच्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाणार होती. पैसे होते ते यंदाच्या काजूबियांचे आणि माझ्या जावेनं वर्षभर बाजूला टाकलेले. चुकीची वस्तू आली तर पुढची काही वर्षं त्याच वस्तूवर काढावी लागणार होती.

मला कॉम्प्युटरमधलं फार कळत नाही. पण अभिप्राय कसे लिहिले जातात ते मला कळतं, कारण तारकर्लीत आमच्या चार खोल्या आहेत आणि त्यांच्यावर पाहुणे लिहितात. एका वर्षी जून महिन्यात आठवडाभराच्या अंतरानं दोन कुटुंबं राहून गेली. एकानं लिहिलं, घरगुती जेवण, मन तृप्त झालं. दुसऱ्यानं लिहिलं, मालवणात येऊन ताजी सुरमई मिळाली नाही, स्कूबा नाही, किल्ल्यावर जाता आलं नाही. दोघांनी जेवलेल्या ताटात फारसा फरक नव्हता. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, पावसाळ्यात जलक्रीडा आणि किल्ल्याची होडी बंद असते. पहिलं कुटुंब पाऊस बघायला आलं होतं, दुसरं समुद्रात उतरायला. दोघांनीही खरंच लिहिलं होतं. तेव्हापासून मी कुठलाही अभिप्राय वाचताना आधी विचारते, हा माणूस कशासाठी आला होता?

म्हणून आम्ही दोघी पडवीत बसलो आणि तारे बाजूला ठेवून माणसं वाचू लागलो.

ताऱ्यांची सरासरी बाजूला का ठेवायची, त्यालाही कारण आहे. नान हू, पॉल पावलू आणि जिये झांग या अभ्यासकांनी 2009 मध्ये दाखवलं होतं की ऑनलाइन दुकानांतल्या बहुतेक वस्तूंच्या ताऱ्यांचा आलेख इंग्रजी 'जे' अक्षरासारखा दिसतो. पाच ताऱ्यांचा ढीग सर्वांत मोठा, एका ताऱ्याचा छोटा ढीग, मध्ये जवळपास मोकळं. ज्यांना वस्तू आवडेल असं आधीच वाटतं तेच ती विकत घेतात, आणि घेतल्यावर लिहायला बसतात ते एक तर फार खूश झालेले किंवा फार चिडलेले. "ठीक आहे, चालतंय" असं वाटणारा माणूस लिहीतच नाही. आमच्या खोल्यांचंही तसंच आहे. जे शांतपणे चार दिवस राहून, बिल देऊन, पुढच्या वर्षी पुन्हा येतात, त्यांनी कधी एक ओळ लिहिलेली नाही. म्हणजे 4.1 आणि 4.2 यांत जो फरक दिसतो, त्यावर काजूचे पैसे लावण्यात अर्थ नाही.

मग पुतणीनं एक वही घेतली. प्रत्येक अभिप्रायासमोर तीन गोष्टी लिहायच्या असं ठरलं: लिहिणारा काय काम करतो, वापरून किती दिवस झाले, आणि नेमकं कुठलं मशीन त्याच्याकडे आहे. पहिल्या तासातच अर्धे अभिप्राय गळून पडले. कुणी खोकं वेळेवर पोचलं म्हणून पाच तारे दिले होते, कुणी खोकं चेपलं होतं म्हणून एक. लॅपटॉप उघडून दुसरा दिवसही झाला नव्हता.

नेमकं कुठलं मशीन, या तिसऱ्या रकान्यात सगळा गोंधळ दडलेला होता. दुकानाच्या पानावर एकाच नावाखाली दोन-तीन प्रकार असतात, 8 जीबी रॅमचा, 16 जीबीचा, वेगळ्या प्रोसेसरचा, आणि अभिप्राय सगळ्यांचे एकाच ढिगात पडतात. महागडा प्रकार घेणाऱ्यानं केलेली स्तुती आपण स्वस्त प्रकारासाठी वाचतो.

आमचे दोन लॅपटॉप तर वरवर सख्खे भाऊ दिसत होते. दोघांतही रायझन 5 प्रोसेसर, दोघांचा आकडा 7000 च्या घरातला. रुपेरी 7520यू, काळा 7530यू. दहाचाच फरक, मला वाटलं एसटीच्या तिकिटाइतका. पुतणीनं आकडा उलगडून दाखवला. पहिला 7 म्हणजे 2023 ची मालिका. तिसरा अंक मात्र आतल्या रचनेची पिढी सांगतो. 7520 मधला 2 म्हणजे झेन 2, 2019 साली बाजारात आलेली रचना. 7530 मधला 3 म्हणजे झेन 3, 2020 ची. पहिल्यात चार कोअर, दुसऱ्यात सहा. कोअर म्हणजे स्वयंपाकघरातले हात समजा. चार हातांत दोन माणसांचं जेवण होतं, पण वीस पानं वाढायची असतील तर सहा हात लागतात. त्यातून 7520यू बरोबर चालणारी रॅम मदरबोर्डावर कायमची डाकलेली असते, 8 जीबी घेतली की जन्मभर 8 जीबी. काळ्यात रॅमसाठी एक मोकळी खाच होती.

आता वही पुन्हा वाचली, तर भांडण मिटलेलं दिसलं. रुपेरीला पाच तारे देणारे होते शिक्षक, हिशेब ठेवणारे, मुलांच्या ऑनलाइन शिकवणीसाठी घेणारे. वजन हलकं, पडदा लख्ख, बॅटरी पुरते, असं ते म्हणत होते. एक तारा देणारे होते ॲप बनवणारे आणि व्हिडिओ कापणारे, त्यांचं मशीन अडकत होतं. काळ्याची स्तुती हेच दुसरे लोक करत होते, आणि त्याला नावं ठेवणारे म्हणत होते, पडदा फिका, पंख्याचा आवाज. कुणीही खोटं बोलत नव्हतं. माझ्या बुकिंगसाठी आणि बिलांसाठी मी रुपेरीच घेतला असता, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. पण तिला मोबाईलचं ॲप बनवायला शिकायचं होतं, आणि त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर 8 जीबीत जेमतेम श्वास घेतं.

खोटे अभिप्राय नसतातच असं मात्र नाही. मला स्वतःला एकदा फोन आला होता, पैसे द्या, तुमच्या खोल्यांवर पाच ताऱ्यांचे वीस अभिप्राय टाकून देतो. मी नाही म्हटलं, आणि दोन दिवस अस्वस्थ होते, कारण असा फोन फक्त मलाच आला असेल का? विक्रेत्यानं ग्राहक असल्याचं भासवून अभिप्राय लिहायला 2020 च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनी मनाई केली आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये भारतीय मानक ब्युरोनं ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस 19000 हे वेगळं मानक आणलं. लिहिणाऱ्याची खातरजमा कशी करावी, विकत घेतलेला मजकूर का छापू नये, हे त्यात आहे, पण ते लागू झालं तेव्हा पाळणं ऐच्छिक ठेवलं होतं. अमेरिकेनं 2024 मध्ये खोट्या अभिप्रायांवर बंदी घालणारा नियम केला. आपल्याकडे फसवणूक वाटली तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. वाचताना आम्ही एवढंच पाळलं: जो अभिप्राय फक्त विशेषणांनी भरला आहे आणि एकही तपशील सांगत नाही, तो वहीत घ्यायचा नाही, मग तो गोड असो की कडू.

पण माझी खरी काळजी वेगळीच होती. पाच वर्षांपूर्वी आम्ही घेतलेला लॅपटॉप दुसऱ्याच पावसाळ्यात बंद पडला होता. दुरुस्तीवाल्यानं तो उघडला, आणि आतल्या पट्टीवर हिरवट भुकटी दाखवली. तांब्याच्या भांड्याला कळंक चढतो ना, तसा. कंपनीनं ओलाव्याचं कारण देऊन वॉरंटी नाकारली. त्यावर पाण्याचा थेंबही सांडला नव्हता, मी आजही शपथेवर सांगेन.

आमच्याकडे जुलैत मिठाची बरणी उघडी राहिली की मीठ पाझरतं. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळू लागतं. समुद्रावरून येणारा वारा तेच मीठ बारीक कणांनी घरात आणतो, लॅपटॉपचा पंखा ते आत ओढतो, आणि पावसाळ्यात आत खाऱ्या पाण्याचा पातळ थर बसतो. तो वीज वाहून नेतो, तांबं खातो. माहितीपत्रकात "90 टक्के आर्द्रतेपर्यंत चालेल" असं लिहिलेलं असतं, पण ते नुसत्या दमट हवेबद्दल, खाऱ्या हवेबद्दल तिथे अक्षर नसतं. दिल्लीच्या किंवा नागपूरच्या माणसाच्या अभिप्रायात हे कसं येणार? एका दुकानाच्या पानावर लिहिणाऱ्याच्या गावाचं नाव येतं. आम्ही गोवा, मंगळूर, केरळ शोधत बसलो. फार थोडे सापडले, पण त्यातल्या एकानं काळ्या लॅपटॉपबद्दल दोन पावसाळ्यांनंतर लिहिलं होतं: बिजागरी घट्ट, एक यूएसबी खाच गंजली, बाकी ठीक. चार तारे. तो एक अभिप्राय मला बाकी सगळ्यांपेक्षा मोलाचा वाटला.

दुसरा प्रश्न विजेचा. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्या किनाऱ्यावर कित्येक दिवस वीज नव्हती. एरवीही पहिल्या वळवाच्या पावसात माडाची झावळी तारांवर पडते आणि संध्याकाळ अंधारात जाते. बॅटरीबद्दल कुणी सहा तास म्हणत होतं, कुणी तीन. तेही भांडण नव्हतंच. काळ्याची बॅटरी 42 वॅट-तासांची. मशीन सरासरी 7 वॅट खात असेल तर 6 तास, 14 खात असेल तर 3. टायपिंग करणारा आणि ॲप चालवून बघणारा यांच्यात एवढा फरक सहज पडतो.

शेवटी आम्ही दोन्ही कंपन्यांना फोन केले आणि एकच विचारलं: मशीन बिघडलं तर 416606 या पिनकोडवर माणूस घरी येईल का? एकीनं सांगितलं, लॅपटॉप केंद्रावर आणून द्यावा लागेल, जवळचं केंद्र घाट चढून कोल्हापूरला. काळ्याच्या कंपनीनं सांगितलं, येईल. फोनवरचा शब्द मी पुरता धरला नाही, ईमेलवर लिहून मागितलं. ते आलं तेव्हा तीस किलोमीटरवर कुडाळला, ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्यानं दोन्ही मॉडेलांची नावं ऐकली आणि रुपेरीबद्दल एवढंच म्हणाला, "वयनी, ह्येची रॅम वाढवूक जमाची नाय." जे वहीत होतं तेच ज्याचे हात रोज त्या यंत्रांत असतात त्याच्या तोंडून ऐकल्यावर माझा जीव भांड्यात पडला.

काळा आला. रात्री तो घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात राहतो, सोबत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पिशव्या. दर पंधरा दिवसांनी त्या बदलायचं काम पुतणीनं स्वतःकडे घेतलं आहे. ऑगस्टमध्ये रॅम 16 जीबी करून घेतली.

नारळी पौर्णिमेनंतर ती अभिप्राय लिहायला बसली. पाच तारे द्यायचे तिच्या मनात होतं. मी म्हटलं, दुपारी खळ्यात घेऊन बसतेस तेव्हा काय होतं ते सांग. ती थोडा वेळ गप्प बसली आणि एक तारा कमी केला. मग लिहिलं: 7530यू, 8 जीबीचा प्रकार, वापर तीन महिने, ॲप बनवायला शिकण्यासाठी. वीज नसताना पावणेचार तास चालला. पडद्याचा उजेड 250 निट्स, उघड्यावर अक्षरं दिसत नाहीत, पडवीत दिसतात. समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर घर, एक पावसाळा झाला, अजून गंज नाही. तालुका मालवण.