पिकांचे वायु : आपले व शेजाऱ्याचे

बुलढाणा जिल्ह्यांत पऱ्हाटी, तूर व सोयाबीन यांच्या रानांतून हिंडतांना, हवा तापविण्यांत या शेतांचाहि कांहीं वांटा असेल, असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. धूर दिसतो, पण ओल्या मातींतून निघणारा वायु दिसत नाहीं. आतां मात्र देशोदेशींच्या पिकांचा हा अदृश्य हिशेब मांडला जात असून, त्यांत भारत व चीन या शेजाऱ्यांची तुलना वारंवार होते. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरांचें गांवच्या शेतीशीं नातें अद्यापि तुटलेलें नाहीं, म्हणून ही तुलना येथें थोडी उलगडून पाहूं.

प्रथम भात. खाचरांत पाणी सांचून राहिलें म्हणजे मातींत प्राणवायु पोंचत नाहीं, आणि तेथील सूक्ष्म जंतु कुजणाऱ्या पाल्यापासून मिथेन वायु निर्माण करतात. भारताचें भातक्षेत्र चीनहून पुष्कळच मोठें. तेव्हां मिथेनहि आपलाच अधिक, असें कोणीहि म्हणेल. परंतु संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेलेला चीनचा २०१४ सालचा व आपला २०१६ सालचा हिशेब पाहतां, चिनी भाताचा मिथेन आपल्या दुपटीहून अधिक भरतो! तिकडील भात जवळ जवळ सगळें पाटाच्या पाण्यावर होतें. आपल्याकडील बरेंचसें पावसावर असल्यानें खाचर मधून मधून आपोआप सुकतें. चिनी शेतकरी हंगामाच्या मध्यावर खाचरांतील पाणी मुद्दाम काढून टाकतात, व त्यानें मिथेन घटतो. आपलें प्रमाण कमी आहे तें पावसाच्या लहरीमुळें. त्यांत आमच्या शहाणपणाचा भाग थोडाच आहे.

पण बुलढाण्यास भात तें किती? येथला खरा प्रश्न युरियाचा. नत्रखताचा अल्प अंश मातींत नायट्रस ऑक्साइड होऊन उडून जातो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबानें हा वायु कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापदायक धरला आहे. ४५ किलोच्या गोणींत शेंकडा ४६ प्रमाणें सुमारें २०.७ किलो नत्र असतें. त्यांतील शेंकडा एक भाग या वायूच्या रूपानें जातो, असें सर्वसाधारणपणें मानतात. एवढ्यावरूनहि एका गोणीमागें जवळ जवळ ८९ किलो कार्बन डायऑक्साइडइतका ताप होतो. गोणीच्या वजनाच्या हा दुप्पट झाला. काळ्या भारी जमिनींत पाणी तुंबलेलें असतां वरून युरिया फेंकल्यास हा अंश वाढतो, आणि शेतकऱ्याचा पैसाहि हवेंतच जातो.

चीनमध्यें दर हेक्टरीं नत्र आपल्याहून अधिक पडतें. तेथील सरकारनें २०१५ सालीं खताची वाढ २०२० पर्यंत थांबविण्याचें धोरण जाहीर केलें, व पुढें वापर खरोखरच उतरला. त्याच सालीं आपल्याकडे युरियास निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा झाला, आणि २०१८ सालीं ५० किलोची गोणी ४५ किलोची झाली. उपाय चांगले, परंतु इतर खतांच्या मानानें युरिया फार स्वस्त राहिल्यानें हात सैल सुटतो, आणि आमच्या मतें अडचण तेथेंच आहे.

तूर, हरभरा, सोयाबीन यांच्या मुळांवरील गांठींतले जंतु हवेंतील नत्र स्वतःच धरतात. त्यांस युरिया लागतोच किती? पऱ्हाटींत तुरीचें तास घेण्याची वऱ्हाडी चाल या दृष्टीनें मोलाची आहे. पऱ्हाटीस मात्र नत्र द्यावेंच लागतें. पुढील वेळीं गांवीं बोलणें होईल तेव्हां, तें किती हप्त्यांनीं दिलें व डवऱ्यानें मातीआड केलें कीं नाहीं, एवढें वाचकांनीं अवश्य विचारावें.