न्यूफाउंडलंडचा कॉड: समजुती आणि वस्तुस्थिती

२ जुलै १९९२ रोजी कॅनडा सरकारने न्यूफाउंडलंडच्या पूर्वेकडील समुद्रातली कॉडची मासेमारी बंद केली. जवळपास पाच शतकांचा धंदा थांबला, तीस हजारांवर माणसे बेकार झाली. हे का घडले, याबद्दल चुकीच्या समजुती अजूनही ऐकू येतात.

गैरसमज: लाखो अंडी घालणारा मासा संपत नाही.
टॉमस हक्सलीसारख्या थोर शास्त्रज्ञानेही १८८३ मध्ये कॉडची मासेमारी बहुधा अक्षय मानली होती. तेव्हाच्या होड्या आणि गळ पाहता ते पटण्यासारखे होते. पण १९५० नंतर पकडलेला मासा जहाजावरच कापून गोठवणारे अजस्र ट्रॉलर आले. १९६८ या एका वर्षात सुमारे आठ लाख टन कॉड निघाला. हा मासा वयात यायलाच पाच-सहा वर्षे लागतात. त्याआधीच जाळ्यात गेला, तर अंडी घालणार कोण?

गैरसमज: नाश परदेशी जहाजांनी केला.
हे अर्धेच खरे. १९७७ मध्ये कॅनडाने २०० सागरी मैलांची हद्द आखून परक्यांना बहुतांशी दूर ठेवले. त्यांची जागा देशी ट्रॉलरनी घेतली.

गैरसमज: जाळी भरतात, म्हणजे मासा भरपूर आहे.
माझ्या मते सर्वांत घातक समजूत हीच. संख्या घटली तरी कॉड दाट थवे करून राहतो, आणि ट्रॉलर सोनार लावून नेमके तेच थवे गाठतात. त्यामुळे साठा आटत असतानाही जाळी भरलेलीच दिसली, आणि अशा आकड्यांवर विसंबल्याने सरकारी अंदाज फुगले. किनाऱ्याजवळ लहान होड्यांनी मासेमारी करणारे मात्र १९८० च्या दशकातच सांगत होते, मासा कमी येतोय, लहान येतोय. त्यांचे म्हणणे वेळीच ऐकले गेले नाही. पुढे अंदाज सुधारले, १९८९ साठी शास्त्रज्ञांनी सव्वा लाख टनांची मर्यादा सुचवली. रोजगार बुडेल या भीतीने सरकारने २,३५,००० टन मंजूर केले. तीन वर्षांनी सगळाच रोजगार बुडाला.

गैरसमज: थोडे दिवस बंदी घातली की समुद्र पूर्ववत होतो.
ही बंदी दोन वर्षांसाठी जाहीर झाली होती. ती अधिकृतपणे उठली २०२४ मध्ये, आणि तेव्हा परवानगी मिळाली वर्षाला फक्त १८,००० टनांची.