चौसष्ट चौकटींतले आजोबा

जिंतूरच्या बाजारात डोक्याला पांढरा रुमाल गुंडाळलेले, धोतर नेसलेले, पांढऱ्या मिशांचे आजोबा अजून भेटतात. समजा, अशा आजोबांना 'माइनक्राफ्ट' या ठोकळ्यांनी रचलेल्या जगाच्या संगणक-खेळात उभं करायचं आहे. मोबाइलवर फोटो काढला, चेहरा कापला आणि पात्राच्या तोंडावर चिकटवला. आजोबा आले खरे, पण त्या जगात ते उपरे दिसतात. चूक फोटोची नाही, विणीची आहे.

खेळातलं पात्र म्हणजे आधी नुसता पोकळ सांगाडा. त्यावर सपाट चित्र गुंडाळलं की कातडी, केस, कपडे दिसू लागतात. या चित्राला टेक्स्चर म्हणतात. अंगावर बसेल असं कापड शिंप्यानं बेतावं, तसंच हे काम. संगणकशास्त्रज्ञ एडविन कॅटमल यांनी युटा विद्यापीठातल्या १९७४ च्या प्रबंधात ही युक्ती मांडली.

'माइनक्राफ्ट'मध्ये पात्राचं सगळं टेक्स्चर ६४ × ६४ चौकटींचं. त्यात चेहऱ्याच्या वाट्याला येतात ८ × ८. मातीच्या ठोकळ्याची एक बाजू १६ × १६. पात्र डोक्यापासून पायापर्यंत ३२ चौकटींचं आणि उंचीला दोन ठोकळ्यांहून किंचित कमी. म्हणजे आजोबांच्या गालावरची चौकट आणि त्यांच्या पायाखालच्या मातीची चौकट जवळपास एकाच मापाची. अशा जगात बारीक तपशिलाचा फोटो लावणं म्हणजे घोंगडीला मलमलीचं ठिगळ.

मग फोटोच लहान केला तर? फोटोतला चेहरा ८०० बिंदू रुंद आणि तेवढाच उंच धरू. एका चौकटीत १०,००० बिंदूंची सरासरी येते. पांढरी मिशी आणि सावळा ओठ मिळून मळकट करडा रंग उरतो, डोळे तर विरूनच जातात. म्हणून इथे हातानंच निवड करावी लागते. वरच्या दोन ओळी रुमालाला, डोळ्यांना दोन-दोन चौकटी, मिशीला सलग चार. कपाळावरचा गंध मात्र हट्टी: आठ ही सम संख्या, त्यामुळे मधली चौकटच नाही! एक चौकट रंगवली तर गंध सरकलेला दिसतो, दोन रंगवल्या तर पाव कपाळ व्यापतो. मी दोनच रंगवीन, पण फिकट. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्यांना ही अडचण लगेच कळेल.

दुसरा घोळ उजेडाचा. भर दुपारच्या फोटोत नाकाखाली, डोळ्यांखाली सावल्या असतातच. खेळ स्वतःचा उजेड टाकतो तो वेगळा. पात्रावर दोन सूर्य तळपू लागतात. त्यामुळे सावली चित्रात रंगवायची की संगणकाला काढू द्यायची, हे आधीच ठरवावं लागतं. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये आणलेल्या 'राजी' या खेळात पहाडी चित्रशैलीची प्रेरणा आहे आणि टेक्स्चर हातानं रंगवलेली आहेत. म्हणूनच खेळाची नायिका राजी आणि तिच्या भोवतालचे महाल एकाच कुंचल्यातून उतरल्यासारखे वाटतात. आपल्याकडच्या माणसांनी केलेलं हे काम मला फार मोलाचं वाटतं.

राहिला रंग. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत काळा रंग फिका पडतो, अशी तक्रार होती. तिथल्या रंगकामाचे प्रमुख मिशेल शेव्हरल यांनी शोधून काढलं की दोष रंगात नव्हता, शेजारच्या रंगांमुळे डोळाच फसत होता. १८३९ मध्ये त्यांनी त्यावर ग्रंथ छापला. जिंतूर तालुक्यातल्याच चारठाण्याच्या काळ्या पाषाणातल्या देवळासमोर आजोबांना उभं केलं, तर त्यांचा रुमाल आहे त्याहून पांढरा दिसेल. तेव्हा निव्वळ पांढरा वापरू नका. किंचित पिवळसर घ्या, घडीच्या जागी जरा निळसर करडा.

संगणक लागेलच असं नाही. गणिताची चौकटीची वही घ्या, आठ बाय आठ आखा आणि घरातल्या एखाद्या आजोबांना समोर बसवा. रंगवून झालं की वही भिंतीला टेकवून दहा पावलं मागे जा आणि डोळे किलकिले करून बघा. ओळखू आले, तर जमलं.