पंधरा किलोंत आफ्रिका

खडकवासल्याहून दिसणारा सिंहगड समुद्रसपाटीपासून साधारण तेराशे मीटर उंच आहे. केनियातलं मसाई मारा त्याहून उंचावर, बहुतेक सगळं दीड हजार मीटरच्या वर पसरलेलं. टांझानियातल्या न्गोरोंगोरो विवराच्या कडेवर मुक्काम असेल, तर कळसूबाईचा माथासुद्धा तुमच्या सहाशे मीटर खाली राहिला. सिंहगड रोडच्या सोसायट्यांमधून जुलै-ऑगस्टात केनियाला निघणारी मंडळी मात्र आफ्रिका म्हणजे ऊन असं धरून चालतात आणि बॅगेत सुती शर्टांच्या घड्या रचतात. त्या महिन्यांत विषुववृत्ताच्या दक्षिणेला थंडी असते. पहाटे जीप छत उघडून निघते तेव्हा पारा दहा-बारा अंशांवर, वर गाडीच्या वेगाचा वारा. म्हणून यादीत पहिलं नाव स्वेटरचं, मग विंडचीटर आणि कानटोपी. दहा वाजेपर्यंत यातलं सगळं अंगावरून उतरतं, त्यामुळे एका जाड कोटापेक्षा एकावर एक चढवायचे पातळ कपडे बरे.

रंगाचं म्हणाल तर खाकी, मातकट, फिका हिरवा. पांढरा पहिल्याच दिवशी धुळीने लाल होतो. गडद निळा आणि काळा टाळायचा, कारण त्से-त्से माशी या रंगांकडे धावते. तिला पकडायला तिथे निळ्या-काळ्या कापडाचेच सापळे टांगतात. टांझानियाच्या तारांगिरेत ही माशी भरपूर. ती कपड्यांवरूनही चावते आणि डासांच्या मलमाला फारशी जुमानत नाही. लष्करी छाप्याची पँट तर घरीच ठेवा. झिंबाब्वे, झांबिया, युगांडा अशा देशांत सामान्य माणसाने ती घालणं हा गुन्हा आहे.

आता वजन. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून माराला छोटी विमानं जातात. त्यांत माणशी साधारण पंधरा किलो सामान चालतं, तेही हातातल्या पिशवीसकट. कडक कवचाची चाकांची सूटकेस त्या विमानाच्या पोटात बसतच नाही. मऊ कापडी डफल बॅग लागते. रस्त्याने जाणाऱ्यांना हे बंधन नसलं, तरी जीपच्या मागच्या जागेत सहा जणांच्या बॅगा कोंबायच्या असतात. पंधरा किलो ऐकून लोक हबकतात. पण बहुतेक लॉजमध्ये कपडे धुऊन मिळतात आणि रोज नवा शर्ट पाहायला तिथे कुणी बसलेलं नसतं. चार दिवसांचे कपडे पुष्कळ झाले.

मग बॅग भरते कशाने? खाऊने! चिवडा, चकल्या, पराठे, मेतकूट. लॉजमध्ये तिन्ही वेळ पोटभर मिळतं, शाकाहारीही. पूर्व आफ्रिकेत गुजराती-पंजाबी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या राहत असल्यामुळे वरण-भात त्या स्वयंपाकघरांना नवा नाही. शिवाय तंबूत ठेवलेल्या खाऊचा वास माकडांना आधी लागतो. अगदी राहवत नसेल तर छोट्या डब्यात न्या, पण कॅरीबॅगमध्ये नको. केनियाने 2017च्या ऑगस्टपासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली आहे आणि त्या कायद्यात चार वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. टांझानियाने 2019मध्ये तेच केलं. केनियाच्या अभयारण्यांत 2020पासून एकदा वापरून फेकायच्या पाण्याच्या बाटल्याही चालत नाहीत, तेव्हा घरातली स्टीलची बाटली बरोबर घ्या.

वाचलेलं वजन दुर्बिणीला द्यावं. आपल्याकडे कॅमेऱ्यावर लाखभर रुपये जातात आणि चौघांत मिळून एक दुर्बीण असते, हे मला कधी पटलेलं नाही. झाडावरचा बिबट्या एकाला दिसेपर्यंत बाकीचे तिघे हात पुढे करून बसतात. माणशी एक हवी. तिच्यावर 8×42 असे आकडे असतात: आठपट मोठं दिसतं आणि पुढचं भिंग बेचाळीस मिलिमीटरचं. भिंग मोठं तेवढा पहाटेच्या अंधूक उजेडात फायदा. दहापटीच्या दुर्बिणीत चित्र मोठं दिसतं, पण हाताचा कंपही तेवढाच मोठा होतो, त्यामुळे पहिलटकराला आठच बरी. चष्मा असेल तर डोळ्यांकडची रबरी कडी खाली करायची, नाहीतर अर्धंच वर्तुळ दिसतं.

हे सगळं दुकानात कळत नाही. जुलैचं बुकिंग बहुधा हिवाळ्यातच होतं. तेव्हा खडकवासल्याच्या बॅकवॉटरला सकाळी सातला जाऊन बसा. काठाशी शेकाट्या आणि धोबी असतात, पाण्यावर नदीसुरय घिरट्या घालतो. नजर पक्ष्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची, इतकंच शिकायचं आहे; पण उडणारा सुरय दुर्बिणीत धरायला भल्याभल्यांना काही सकाळी लागतात. (पलीकडच्या काठावर एनडीए ही लष्करी प्रबोधिनी आहे. तिकडे कॅमेरे-दुर्बिणी रोखू नयेत.)

ट्रायपॉड जीपमध्ये निरुपयोगी. त्याऐवजी बीन बॅगची रिकामी खोळ न्यावी, तिथे तांदूळ भरून घ्यावेत आणि छताच्या कडेवर लेन्सखाली ठेवावी. केनियात चौकोनी तीन पिनांचं इंग्लिश सॉकेट असतं, ॲडॉप्टर लागतोच. सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या पिशवीत.

मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून आधीपासून सुरू करायच्या आणि परतल्यावरही ठरलेले दिवस घ्यायच्या. पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच मिळते. दाखला लशीनंतर दहा दिवसांनी लागू होतो आणि 2016पासून तो जन्मभर चालतो. साठी ओलांडलेल्यांनी किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ही लस घेऊ नये. दाखल्याची खरी गरज परतताना पडते. भारतात पिवळा ताप नाही, पण तो पसरवणारा डास आहे, म्हणून केनियाहून येणाऱ्याकडे दाखला नसेल तर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. ती पिवळी पुस्तिका पासपोर्टच्याच पाकिटात ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको.