डबा, कुंडी आणि पाखरांची हक्काची जागा

बाग म्हटली की बंगला, माळी आणि हिरवळ डोळ्यांसमोर येते. आपल्याकडे असते ती दारापुढची चार फुटांची पट्टी, चाळीची गॅलरी, फार तर विहाराचे आवार. पण पाखरांना आणि फुलपाखरांना एवढेही पुरते, असे आम्ही खात्रीने सांगतो.

खर्चाचे आधी बोलू. तेलाचा पत्र्याचा डबा, फुटकी बादली, रंगाचा रिकामा डबा यांच्या बुडाला चार भोके पाडली की कुंडी तयार. माती, कुजलेला पाला आणि भाजीची देठे एवढ्यावर भागते. जास्वंद आणि अडुळसा फांदीवरून लागतात, पानफुटी तर नुसत्या पानावरून. म्हणजे शेजारणीकडे मागायचे, विकत घ्यायचे नाही.

झाड निवडताना फूल पाहू नका, पान पाहा. फुलपाखरू मध कुठल्याही फुलावर पिते. अंडी मात्र ठरावीक झाडावरच घालते. लिंबू आणि कढीपत्ता लावा. त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी येईल, पुढे ती हिरवी होईल आणि महिनाभरात फुलपाखरू होऊन उडेल. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून मान दिलेली राणी पाकोळीही लिंबाच्याच कुळातील झाडांवर वाढते. घरोघरी तक्रार ठरलेली: अळीने कढीपत्ता खाल्ला, औषध मारू का? आमचे मत स्पष्ट आहे, मारू नये. दोन रोपे लावा, एक फोडणीला, एक अळीला. चिमणी आपल्या पिलांना दाण्यापेक्षा किडे-अळ्याच अधिक भरवते. औषध मारले तर तिची पिले काय खातील?

रुईवरही सुंदर फुलपाखरे वाढतात. पण तिचा चीक डोळ्यांना घातक, म्हणून लहान मुलांच्या वाटेवर ती नको. जास्वंदीला शिंजीर येतो, शेवग्याच्या फुलोऱ्यावर मधमाश्या आणि शेंगा आपल्याला. घाणेरीवर फुलपाखरे जमतात खरी, पण ती बाहेरून आलेली, रान गिळणारी झुडपे. मुद्दाम लावू नयेत.

आता पाणी. नळ तासभर येतो, त्यात पाखरांना कुठून द्यावे, असे भगिनी विचारतात. पसरट मातीच्या भांड्यात दोन बोटे पाणी पुरे. तेही रोज उपसून झाडाच्या बुंध्याशी ओता, म्हणजे एकच पाणी दोनदा कामी येते. भांडे घासलेच पाहिजे. डासाची अळी आठवडाभरात डास होते, आणि डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. हे जमणार नसेल तर भांडे ठेवूच नये.

कौले जाऊन स्लॅब आले आणि चिमणीच्या घरट्याच्या सांदी गेल्या. खोक्याच्या फळ्यांची पेटी ठोकून द्या. भोक सव्वा इंचाचेच ठेवा, म्हणजे साळुंकी आत शिरणार नाही. पेटी आठ-दहा फुटांवर, दुपारचे ऊन आणि पंखा टाळून टांगा. आत रंग नको.

भिंतीच्या फटीत पिंपळ उगवला असेल तर तो लहान असतानाच मुळासकट काढून मोकळ्या जागी, भिंतीपासून चांगला दूर लावा. मोठेपणी त्याची फळे कित्येक पाखरे खातात. आवार सार्वजनिक असेल तर आधी वस्तीच्या बैठकीत विषय मांडा. पाणी कोण घालणार हे तिथेच ठरवून घ्या.

मृगाचा पाऊस पडला की फांद्या लवकर धरतात. तोवर डबे गोळा करून ठेवा.