‘प्ले इट बाय इअर’ म्हणजे जमेल तसे नव्हे
“आईचं जेवण कमी झालंय ना, मग इन्सुलिनचं आपण प्ले इट बाय इअर करू,” परदेशातील मुलाने फोनवर वडिलांना सांगितले. सत्तरी ओलांडलेल्या वडिलांनी शेजारच्या कॉलेजकुमाराला अर्थ विचारला. “जमेल तसं करायचं, काका,” तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी काकूंनी दोन घास खाऊन ताट सारले. इंजेक्शन मात्र आधीच पुरते टोचून झाले होते. तासाभरात त्यांना दरदरून घाम फुटला, हात कापू लागले, बोलणे असंबद्ध झाले. साखर ५२ होती. त्या शुद्धीवर होत्या, म्हणून काकांनी पाजलेल्या साखरपाण्याने निभावले.

कबूल करायला हवे, ते शब्द मुलाने माझ्याकडूनच उचलले होते.

या इंग्रजी बोलीप्रयोगाचा मूळ अर्थ स्वरलिपी समोर न ठेवता, केवळ ऐकून वाजवणे. पुढे तो ‘आधी पक्के न ठरवता परिस्थिती पाहून वागू’ अशा अर्थाने रूढ झाला. आपल्याकडे भजनातला पेटीवाला हेच करतो. पुढ्यात कागद नसतो, पण कान सतत गायकाकडे असतो. गायक थांबला की तोही थांबतो. या लवचिकतेत मनमानी नसते. उलट, लक्ष अधिकच द्यावे लागते.

फिरायला जाण्याची वेळ, आंघोळ, दुपारची झोप यांत खुशाल असे वागावे. वृद्धांवर घड्याळ लादण्याची आपल्याला उगीचच हौस असते. औषधांचे तसे नाही. रक्त पातळ करणारी गोळी किंवा कंपवाताचे औषध वेळेवरच हवे. स्टेरॉइड आणि रक्तदाबाची काही औषधे एकाएकी थांबवणे धोक्याचे असते. जेवणाआधीचे इन्सुलिन तर ताटाशी बांधलेले. भूक अनिश्चित असेल, तर मात्रा किती व केव्हा, हे डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावे. साखर ७० च्या खाली गेली आणि रुग्ण नीट गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे.

काकांना मी आता मराठीत चिठ्ठी लिहून दिली आहे : ‘निम्म्याहून कमी जेवण होईल असे वाटले, तर टोचण्याआधी मला फोन.’ ती त्यांनी फ्रिजवर चिकटवली आहे. परवा रात्री साडेआठला फोन आला, “डॉक्टर, आज अर्धीच भाकरी म्हणतेय.”